डोस तोच, मग पाय का दुखतात?

समजा, घाटकोपरला राहणारे 62 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री अटोर्व्हास्टॅटिनची 40 मिलिग्रॅमची गोळी घेतात. त्रास कधी झाला नाही. जुलैत घरात कपडे वाळेनासे होतात, लोकलमध्ये अंग घामाने चिंब होतं आणि जांघेत नायटा उठतो. त्वचारोगतज्ज्ञ इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल चार आठवड्यांसाठी लिहून देतात. "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नावर गृहस्थ "बीपीची एक आहे" एवढंच सांगतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा खाजेशी काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात खाज गेलेली असते, पण स्टेशनचा जिना चढताना मांड्या भरून येतात. घरचे म्हणतात, पावसाळी हवा आहे, वाताचा त्रास असेल. ते स्वतः म्हणतात, वय झालं. कोलेस्टेरॉलच्या गोळीवर कुणाचाच संशय जात नाही, कारण ती जुनी आहे आणि तिचा डोसही बदललेला नाही.

डोस बदललेला नसतो हे खरं, पण रक्तातलं औषध मात्र तिप्पट झालेलं असू शकतं. हे कसं होतं आणि ते कसं टाळायचं, ते पाहू.

स्टॅटिन काम कुठे करतं?

आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपण खात नाही, ते शरीरच तयार करतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. हे तयार करण्याच्या साखळीत एक महत्त्वाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. स्टॅटिन त्या विकराला रोखतं. आतली निर्मिती घटली की यकृताच्या पेशी रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त प्रमाणात ओढून घेऊ लागतात. रिपोर्टमध्ये 'एलडीएल' नावाने दिसणारं वाईट कोलेस्टेरॉल त्यामुळे उतरतं.

या गटातलं पहिलं द्रव्य जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1973 मध्ये एका बुरशीतून वेगळं केलं. त्यासाठी त्यांच्या चमूने सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले होते. बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन म्हणजे लोव्हास्टॅटिन. त्याला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता 1987 मध्ये मिळाली. आज आपल्याकडे डॉक्टर बहुतेकदा अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन लिहून देतात.

स्टॅटिनचं मुख्य काम यकृतात चालतं, हा मुद्दा लक्षात ठेवा. गोळीतलं औषध आतड्यातून आधी यकृतातच जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच थांबतं. अटोर्व्हास्टॅटिनचा जेमतेम 14 टक्के भाग मूळ रूपात पुढे रक्ताभिसरणात पोहोचतो. सिमव्हास्टॅटिन नावाच्या जुन्या औषधाचा तर 5 टक्क्यांहून कमी. उरलेलं औषध आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात मोडलं जातं किंवा तिथेच वापरलं जातं. गोळीचा डोस ठरवताना ही घट धरलेलीच असते.

घाटकोपरचा पूल

हे मोडण्याचं काम मुख्यतः एक विकर करतं. शास्त्रज्ञ त्याला सीवायपी-3ए-4 म्हणतात. नाव अवघड आहे, पण काम समजायला घाटकोपर स्टेशनवर संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं तरी पुरे. ठरावीक मिनिटांनी गाडी येते आणि ठरावीक माणसं उतरतात. पादचारी पूल मोकळा असला की ती पटापट बाहेर पडतात आणि फलाटावर फार गर्दी साचत नाही. आता पुलावर मध्येच एक मोठा घोळका येऊन थांबला असं समजा. गाड्या पूर्वीच्याच वेळेवर येताहेत, उतरणारी माणसंही तेवढीच आहेत, तरी दहा मिनिटांत फलाट भरून जातो.

इथे गाडी म्हणजे आपली रोजची गोळी, पूल म्हणजे हे विकर आणि फलाटावरची गर्दी म्हणजे रक्तातलं औषध. इट्राकोनॅझोल हा पूल अडवून बसणारा घोळका. कंपनीने अभ्यास करून ठरवलेला 40 मिलिग्रॅमचा डोस पूल मोकळा आहे असं धरून काढलेला असतो.

नेहमीच्या वापरातल्या औषधांपैकी फार मोठा वाटा याच पुलावरून जातो. म्हणून कातडीचं औषध आणि हृदयाचं औषध यांची गाठ पडते. ती दोन वेगळ्या डॉक्टरांनी, दोन वेगळ्या आजारांसाठी दिलेली असतात, पण आपल्या शरीरात त्यांची बाहेर पडायची वाट एकच असते.

कोण किती अडवतं?

इट्राकोनॅझोलबरोबर अटोर्व्हास्टॅटिन घेतलं तर रक्तातलं त्याचं एकूण प्रमाण सुमारे तिप्पट होतं. सिमव्हास्टॅटिनच्या बाबतीत ही वाढ दहापटीच्याही पुढे जाते. म्हणून सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन इट्राकोनॅझोलबरोबर घ्यायलाच मनाई आहे आणि अटोर्व्हास्टॅटिन दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं एफडीएने ठरवून दिलेलं आहे.

क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही याच पंगतीत बसतं. छातीतल्या कफासाठी किंवा पोटातल्या अल्सरच्या जंतूंसाठी ते दिलं जातं. त्याच्यासोबत अटोर्व्हास्टॅटिनचं प्रमाण साडेचारपटीपर्यंत गेल्याचं चाचणीत दिसलं आहे. त्याच कुळातलं एरिथ्रोमायसिनही पूल अडवतं. अझिथ्रोमायसिन मात्र या विकराला फारसा धक्का लावत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात स्टॅटिन घेणाऱ्या वृद्धांची नोंद तपासून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अझिथ्रोमायसिन घेतलेल्यांच्या तुलनेत क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन घेतलेल्यांमध्ये स्नायूंच्या गंभीर इजेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. प्रत्यक्ष आकड्यात हा फरक दर दहा हजारांत सुमारे दोन माणसांचा होता. म्हणजे धोका खरा आहे, पण तो विरळा आहे आणि योग्य अँटिबायोटिक निवडलं तर टाळताही येतो.

रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांपैकी डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल पूल अर्धवट अडवतात. त्यांच्याबरोबर सिमव्हास्टॅटिनची मर्यादा 10 मिलिग्रॅम आहे. अॅम्लोडिपिन किंवा अमिओडॅरोनबरोबर ती 20 मिलिग्रॅम आहे. अटोर्व्हास्टॅटिनवर अॅम्लोडिपिनचा परिणाम किरकोळ असतो, म्हणूनच या दोघांची एकत्र गोळीही मिळते.

औषध तिप्पट झालं तर कोलेस्टेरॉलही तिप्पट उतरेल, असं मात्र होत नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम 6 टक्क्यांनी उतरतं, कारण यकृताला लागणारं औषध आधीच पुरेसं पोहोचलेलं असतं. वाढीव औषध रक्तातून फिरत स्नायूंपर्यंत जातं. म्हणजे फायदा जवळपास तेवढाच राहतो आणि धोका मात्र वाढतो.

आणखी एक गोष्ट. इट्राकोनॅझोलचा कोर्स संपला त्याच दिवशी पूल मोकळा होत नाही. ते शरीरातून पूर्ण जायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. डॉक्टरांनी स्टॅटिन काही काळ थांबवायला सांगितलं असेल, तर ते पुन्हा कधी सुरू करायचं ही तारीखही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. नायट्यावर लावायच्या मलमांनी असा त्रास सहसा होत नाही. काळजी पोटात घ्यायच्या औषधांची करायची.

सगळी स्टॅटिन एकाच वाटेने जात नाहीत

रोसुव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन आणि पिटाव्हास्टॅटिन सीवायपी-3ए-4 वर फारशी अवलंबून नसतात. म्हणून पूल अडवणारं औषध दीर्घकाळ घ्यावं लागणार असेल, तर डॉक्टर कधी कधी स्टॅटिनच बदलून देतात. पण रोसुव्हास्टॅटिनच्याही आपल्या अडचणी आहेत.

पहिली अडचण अॅसिडिटीच्या औषधाची. अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेलं पातळ अँटासिड रोसुव्हास्टॅटिनसोबतच घेतलं, तर रक्तात पोहोचणारं औषध जवळपास निम्म्यावर येतं. रात्री जेवणानंतर गोळी आणि लगोलग दोन चमचे अँटासिड, ही आपल्याकडे अगदी सर्रास चालणारी सवय. गोळी आधी घ्या आणि मध्ये दोन तास जाऊ द्या.

दुसरी अडचण मूत्रपिंडाची. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर रोसुव्हास्टॅटिनचा डोस कमी ठेवावा लागतो. प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे औषध रोसुव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण सुमारे सातपट करतं. सायक्लोस्पोरिन पूल अडवतंच, शिवाय स्टॅटिनला यकृताच्या पेशीत शिरायलाही अटकाव करतं.

तिसरी गोष्ट ट्रायग्लिसराइड्ससाठी दिल्या जाणाऱ्या फायब्रेट गटाची. त्यातलं जेम्फिब्रोझिल स्टॅटिनबरोबर टाळलं जातं. फेनोफायब्रेट त्यामानाने बरंच सुरक्षित असतं. जेम्फिब्रोझिलबाबतची ही सावधगिरी महागात शिकलेली आहे. बायर कंपनीने सेरिव्हास्टॅटिन हे औषध ऑगस्ट 2001 मध्ये बाजारातून मागे घेतलं. स्नायू विरघळण्याच्या आजाराने झालेले मृत्यू त्यामागे होते आणि त्यातल्या बऱ्याच रुग्णांना सोबत जेम्फिब्रोझिल चालू होतं.

गाऊटसाठी कॉल्चिसिन घेणाऱ्यांनी आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनीही स्टॅटिन सुरू करताना किंवा बदलताना डॉक्टरांना सांगावं. कॉल्चिसिन स्वतःही स्नायूंना इजा करू शकतं. वॉरफरिनच्या बाबतीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, एरवीपेक्षा लवकर करावी लागते.

उलटाही प्रकार असतो

काही औषधं पूल अडवत नाहीत, उलट शेजारी आणखी पूल बांधून देतात. मग माणसं उतरता उतरता बाहेर पडतात आणि फलाट रिकामा राहतो. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यात सगळ्यात जोरकस आहे. मुंबईत क्षयाचे रुग्ण अजूनही खूप आहेत, त्यामुळे हृदयरोग आणि क्षय एकाच घरात, कधी एकाच माणसात भेटतात. रिफाम्पिसिन चालू असताना अटोर्व्हास्टॅटिन वेगळ्या वेळी घेतलं, तर रक्तातलं त्याचं प्रमाण तब्बल 80 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं आहे. दोन्ही एकाच वेळी घेतल्यास ही घट टळते. फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधंही याच बाजूची.

इथे दुखत काहीच नाही, म्हणून ही गडबड लक्षात येत नाही. ती फक्त लिपिड प्रोफाइलमध्ये दिसते. शिवाय क्षयाचा कोर्स संपल्यावर जादा पूल काही आठवड्यांत नाहीसे होतात. मधल्या काळात स्टॅटिनचा डोस वाढवला असेल, तर तो तेव्हा पुन्हा तपासून घ्यायला हवा.

दोन पट्ट्या, औषध एकच

हा घोटाळा औषधांच्या आपसातल्या भांडणाचा नाही, आपल्या डब्यातला आहे. बाजारात एकाच स्टॅटिनची कितीतरी ब्रँडनावं आहेत. वर स्टॅटिन आणि अॅस्पिरिन, स्टॅटिन आणि क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन आणि फेनोफायब्रेट अशा जोडगोळ्याही मिळतात. अंधेरीच्या हृदयरोगतज्ज्ञांनी जोडगोळी लिहिलेली असते आणि बोरिवलीच्या फॅमिली डॉक्टरांनी आधीच साधं स्टॅटिन दिलेलं असतं. दोन्ही पट्ट्यांवरची मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून दोन्ही चालू राहतात.

उपाय सोपा आहे. पट्टी उलटी करून बारीक अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव वाचा. ते दोन पट्ट्यांवर दिसलं तर दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. तोंडातल्या बुरशीसाठी दिलं जाणारं निस्टॅटिन मात्र या गटातलं नाही, त्याने दचकू नका.

फळं, काढे आणि 'नैसर्गिक' गोळ्या

ग्रेपफ्रूट हे फळ आतड्यातला पूल अडवतं. रोज एक पेला रस घेतला तर अटोर्व्हास्टॅटिनचं प्रमाण सुमारे 37 टक्क्यांनी वाढतं. दिवसाला लिटरभर प्यायल्यास ते दुपटीच्याही वर जाऊ शकतं. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कमीच खाल्लं जातं, पण त्याचं जवळचं नातलग असलेल्या पपनसातही त्याच जातीची द्रव्यं असतात. सणाला चार फोडी खाल्ल्याने बिघडत नाही, रोज रस काढून पिणं टाळावं. मोसंबी आणि नेहमीच्या गोड संत्र्याची भीती बाळगायचं कारण नाही.

'रेड यीस्ट राइस' नावाचं पूरक उत्पादन कोलेस्टेरॉलसाठी नैसर्गिक म्हणून विकलं जातं. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे लोव्हास्टॅटिनच आहे. म्हणजे स्टॅटिनसोबत ते घेणं हे आणखी एक स्टॅटिन घेण्यासारखंच. गुग्गुळ असलेली किंवा इतर आयुर्वेदिक औषधं चालू असतील तर तीही डॉक्टरांना सांगा. ती घ्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्या. लपवण्यात तोटा फक्त आपला.

दुखणं खरंच स्टॅटिनचं आहे का?

हे सगळं वाचून कुणी उद्यापासून गोळी बंद करू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. 2022 मध्ये अनेक मोठ्या चाचण्यांतली माहिती एकत्र तपासली गेली. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूदुखीच्या तक्रारींपैकी 90 टक्क्यांहून अधिक तक्रारी स्टॅटिनमुळे नव्हत्याच. पहिल्या वर्षात दर हजार माणसांमागे सुमारे 11 जणांना औषधामुळे जादा दुखलं आणि तेही बहुधा सौम्य होतं. लंडनमध्ये केलेल्या एका प्रयोगात, स्टॅटिन सोसत नाही म्हणून ते सोडलेल्या 60 जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली हुबेहूब गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं गेलं. स्टॅटिनच्या महिन्यांतला 90 टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला होता.

आता फायदा पाहा. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला आहे, अशा दहा हजार जणांनी प्रभावी डोसमध्ये पाच वर्षं स्टॅटिन घेतलं, तर सुमारे हजार जणांचा पुढचा झटका, पक्षाघात किंवा तसंच मोठं संकट टळतं. तेवढ्याच माणसांत स्नायूंची खरी इजा सुमारे पाच जणांना होते.

मग काळजी कधी करायची? नवीन औषध सुरू झाल्यावर दोन्ही मांड्या, दंड किंवा खांदे दुखू लागले, खुर्चीतून उठताना बळ कमी पडतंय असं वाटलं, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. ते सीपीके ही रक्ताची तपासणी सांगतील. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली तर वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायूंतून बाहेर पडलेलं द्रव्य मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. थायरॉइड कमी असेल आणि त्यावर उपचार नसतील, तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. म्हणून ती तपासणीही करून घेतली जाते.

केमिस्टला विचारा, ते त्याचं कामच आहे

स्टॅटिन हे 'शेड्यूल एच'मधलं औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायला परवानगी नाही. आपण मात्र जुन्या पट्टीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि औषध घरी येतं. त्यात विचारपूस करायची एक संधी हातची जाते. फार्मसीच्या व्यवसायासाठीच्या 2015 च्या केंद्रीय नियमांनुसार रुग्णाला औषधाची माहिती देणं हे फार्मासिस्टचं काम आहे. म्हणजे "ही कॅप्सूल माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर चालेल का?" हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. उत्तर काउंटरवरच्या मुलाकडून न घेता नोंदणीकृत फार्मासिस्टकडून घ्या. अशा प्रश्नांत फार्मासिस्टलाही आधार असतो. मुलुंड पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गावर, ईएसआयएस रुग्णालयाच्या आवारात महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलचं कार्यालय आहे आणि कौन्सिल औषधांच्या माहितीचं केंद्रही चालवते.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय आला, तर सामान्य नागरिकालाही तो नोंदवता येतो. 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 आहे.

थोडक्यात

- मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, थायरॉक्सिन या नेहमीच्या गोळ्यांबरोबर स्टॅटिनची सहसा अडचण येत नाही.
- आधी विचारल्याशिवाय सोबत घेऊ नयेत: इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, जेम्फिब्रोझिल, सायक्लोस्पोरिन, कॉल्चिसिन.
- रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांच्यासोबत स्टॅटिनचा परिणाम घटू शकतो. लिपिड प्रोफाइल तपासत राहा.
- रोसुव्हास्टॅटिन आणि पातळ अँटासिड यांत दोन तासांचं अंतर ठेवा.
- सिमव्हास्टॅटिन संध्याकाळी किंवा रात्री घ्यावं. अटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन कधीही चालतात, पण रोज एकाच वेळी घ्या.
- स्नायू दुखले तर विचारा, लघवी गडद झाली तर रुग्णालयात जा. मनाने गोळी बंद करू नका.

आजच एक काम करा. घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा. प्रत्येकीचं मूळ नाव, डोस, वेळ आणि कुणी दिली हे एका कागदावर लिहा, काढे आणि पूरक गोळ्यांसकट. त्याचा फोटो त्यांच्या आणि तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टर दातांचे असोत, कातडीचे की डोळ्यांचे, नवीन औषध लिहून घेण्याआधी तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.